ओंडक्यातले जीव

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. हे नाव धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने पाडलं होतं आणि त्यात कौतुक कमी, टोमणाच जास्त होता. तिची पीएच.डी. सुरू झाली तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. आता त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती. डॉक्टरीणबाई हसून सोडून देई. मनाला लावून घ्यायचं तर रोजच घ्यावं लागलं असतं.

तिचा विषय ऐकला की माणसं 'अच्छा' म्हणून बोलणं बदलायची. खाडीच्या तोंडाशी माशांचं तेल काढायचा एक कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण त्याचा लाकडी धक्का पाण्यात उभा राहिला. समुद्रात लाकूड पोखरणारी एक अळी असते. जात शिंपल्याची, अंग अळीचं. डोक्यावरच्या दोन इवल्याशा शिंपल्यांनी लाकूड कोरत ती आत शिरते आणि भल्याभल्या जहाजांची चाळण करून टाकते. या धक्क्याचे बाकीचे खांब तिने खाऊन संपवले, पण ज्या खांबांत कारखान्याचं तेल मुरलं होतं ते टिकले. अळ्या त्यांच्यातही होत्या, मात्र हळू खाणाऱ्या. डॉक्टरीणबाईचं म्हणणं असं की या अळ्या चिवट आहेत, इतरांपेक्षा जास्त सोसतात. हे जिवंत अळ्यांवर दाखवायचं होतं. नाहीतर अर्धा प्रबंध म्हणजे नुसत्या गप्पा.

असल्या विषयाला मार्गदर्शकही दोन. एक जुन्या कारखान्यांचा अभ्यास करणारे कारखानेवाले सर, दुसऱ्या शिंपल्यांच्या प्राण्यांवर काम करणाऱ्या शिंपलेबाई. दोघांचं पटत नसे आणि भांडणाचा राग निघायचा तो हिच्यावर. विद्यापीठाच्या तळघरातल्या एकाच खोलीत दोघांच्या टाक्या शेजारी शेजारी होत्या. सरांच्या टाकीत धक्क्याच्या फळ्या गोड्या पाण्यात भिजत, म्हणजे लाकडात मुरलेलं मीठ निघून जावं. बाईंच्या टाकीत खारं पाणी आणि त्यात तेलकट खांबाचा एक ओंडका, अळ्यांसकट. धक्का पाडून तिथे आता सिमेंटचा बांधला होता, त्यामुळे जिवंत अळ्यांचा तेवढा एकच ओंडका जगात उरला होता.

आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, हा फोन आला तेव्हा डॉक्टरीणबाई टाक्यांचं पाणी बदलत होती. मन केव्हाच घरी पोचलं, हात मात्र इथे चालू राहिले. त्या हातांनी दोन्ही टाक्यांत गोडं पाणी भरलं. खोलीला कुलूप लावून ती गेली, ती आई उठून बसायला लागल्यावरच परतली.

एरवी ओंडक्याच्या प्रत्येक भोकातून दोन बारीक नळ्या पाण्यात लोंबत असत, पांढऱ्या दोऱ्यांसारख्या. आता एकही दिसेना. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं होतं.

आशेला जागा एवढीच होती की संकट आलं की ही अळी भोकाला आतून झाकण लावून घेते आणि बरेच दिवस तशीच तग धरते. पण झाकणाआड जीव आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जनावरांच्या नेहमीच्या दवाखान्यात नेऊन तिने ओंडक्याचा एक्स-रे काढून घेतला. त्यात बोगदे दिसले, धुगधुगी कुठून दिसणार? एक्स-रेवाला म्हणाला, "ताई, तुमचा पेशंट बाकी गुणी आहे. जराही हलला नाही." एरवी ती या माणसाच्या विनोदांना हसायची. त्या दिवशी तिला तिथेच रडू फुटलं.

थोडं थोडं करून तिने पाणी पुन्हा खारं केलं आणि टाकीसमोर बसून राहिली. आई रोज फोनवर म्हणायची, असतील गं जिवंत. नळ्या काही बाहेर येईनात.

शिंपलेबाई म्हणाल्या, "मेल्या असतील तर सडायच्या आत फोड. निदान शरीरं तरी मोजता येतील."

"आणि जिवंत असतील तर?"

"तर थांबायला हवं. पण तुझ्याकडे दिवस कुठे आहेत?"

खरंच नव्हते. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती, ती महिनाअखेरीला संपत होती.

सर म्हणाले, "पटाशी लावू नकोस हं. लाकडाच्या कामात घाई करू नये." सरांना ओंडका हवा होता, आतल्या अळ्या जगोत की मरोत. हे कळत असल्यामुळेच त्यांचा सल्ला तिला पटला नाही.

एका सकाळी टाकीला वास आला. अगदी पुसटसा, पण सडल्याचाच. तिने ओंडका बाहेर काढला, पटाशी टेकवली आणि हातोडी मारली. पहिल्या ढलपीखाली नुसता काळा चिखल निघाला. दुसऱ्या ढलपीखालीही तेच. मग तिच्या हाताला धरबंध राहिला नाही. संपलं ते संपलं, म्हणत ती घावावर घाव घालत सुटली.

ओंडका मधोमध उभा फुटला. गाभ्यात, जिथे तेल सगळ्यात जास्त मुरलं होतं, तिथले बोगदे पांढरे स्वच्छ होते. त्यांत गुलाबी, ओल्या अळ्या होत्या आणि एकूण एक पटाशीने चिरली गेली होती. तिने एकीला बोट लावलं. अळी आखडली आणि उरलेल्या अंगानिशी आत सरकू लागली.

चिवट होत्या. ती इतकी वर्षं म्हणत होती तशाच.

तिने ते तुकडे खाऱ्या पाण्यात सोडले, हे व्यर्थ आहे हे माहीत असून. बाई आल्या, टाकीत वाकून पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. "माप घे," त्या हळूच म्हणाल्या. तिने पट्टी बाईंपुढे सरकवली, शेवटी बाईंनीच मापं घेतली.

दुपारी आईचा फोन आला. "काय गं, कळलं का तुझ्या अळ्यांचं?"

"जिवंत होत्या गं, आई."

"बघ, मी म्हणत नव्हते? उगाच जिवाला घोर लावून घेतलास," आई म्हणाली आणि आनंदाने कुणाला तरी हाक मारून सांगू लागली.