ब्रेकच्या दिवशीचं रीडिंग

चंदनाक्का दर अकरा महिन्यांनी एका दिवसापुरती बेकार होत असे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाचा नियमच तसा होता. प्रकल्पातल्या माणसाला अकरा महिन्यांची नेमणूक द्यायची, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. उद्या कुणी उठून ‘मला कायम करा’ म्हणायला नको. बारा वर्षांत असे तेरा ब्रेक झाले. नियम करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, फक्त हेब्बाळच्या तळ्याला कुणी कळवलं नव्हतं.

तळ्याचं काम रोजचं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून सातच्या आत मीटरची दांडी पाण्यात सोडायची, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, पुढे सही करायची आणि तोच आकडा प्रोफेसर प्रतिमा मॅडमना मोबाइलवर पाठवायचा. एकही दिवस चुकवायचा नाही. शिवाय रीडिंग घेणारा माणूस त्या दिवशी नेमणुकीवर हवा, नाहीतर ते बाद, असाही एक नियम होताच.

पहिल्या ब्रेकला मॅडम स्वतः मल्लेश्वरमहून आल्या होत्या. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "चंदनाक्का, उद्या प्लीज तुम्हीच जाऊन याल? गुडघा फार दुखतोय हो. सही माझी करून टाका."

"सरी, मॅडम, जाते मी," ही म्हणाली. मॅडम पुण्याच्या आणि हिचं मराठी घराणं तीन-चारशे वर्षं इथल्या कन्नड मुलखातलं, तरी विद्यापीठात दोघी एकमेकींशी मराठीतच बोलायच्या. तिला त्याचं अप्रूप होतं. त्यानंतर ब्रेकच्या वेळी फोनचीसुद्धा गरज पडली नाही. मॅडमची सही ती मॅडमपेक्षा बरी करायला लागली. एकदा अंगात ताप होता, एकदा घरी पाहुणे होते, तरी ती गेली.

यंदा विद्यापीठाचं परिपत्रक निघालं. ज्यांची सेवा दहा वर्षं अखंड झाली आहे, त्यांना कायम करण्याचा विचार होईल. चंदनाक्का बावन्न वर्षांची, म्हणजे पुन्हा अशी संधी यायची नाही. तिला ते हवं होतं, अगदी मनापासून. कचेरीतला रघुनंदन भला माणूस. तो कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, ब्रेकच्या दिवशीही तुम्ही काम केलंत असं दिसलं, तर मी ब्रेक धरणार नाही. सोमवारी रजिस्टर घेऊन या."

रजिस्टर घेऊन ती आधी मॅडमकडे गेली. मॅडमनी पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला.

"अक्का, ब्रेकची ही बारा रीडिंग्ज तुमची म्हटली की नियमाने बाद होतात. बारा वर्षांचा अखंड डेटा असं मी फायनल रिपोर्टमध्ये लिहिलंय. वर सही माझी. दोन महिन्यांत रिटायर होतेय मी." मग चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, "मी काही सांगणार नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा."

काही सांगणार नाही म्हटलं की माणूस सगळं सांगून मोकळा होतो. चंदनाक्काने रजिस्टर पिशवीत घातलं.

सोमवारी रघुनंदनने त्या सह्यांवर बोट ठेवलं. "हे रीडिंग कुणी घेतलं?"

तिला ताप आठवला, पाहुणे आठवले. भांडायला हरकत नव्हती, पण त्यासाठी लागतो तो जोर बारा वर्षांत तळ्याकाठी कुठेतरी सांडून गेला होता.

"मॅडमनी."

"तेराही?"

"तेराही."

तो पेनाला टोपण लावत म्हणाला, "मग ब्रेक धरावे लागतील, अक्का." आणि त्याने नव्या नेमणुकीचा कागद पुढे केला. उद्या ब्रेक, परवापासून रुजू.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. ‘तुमचे उपकार विसरणार नाही.’ तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचला तिला जाग आलीच. सवयीने तिने चप्पल शोधली, मग परत ठेवली. कॉफी केली आणि पायरीवर बसून गरम गरम प्यायली. कामावर असताना कॉफी कायम अर्धी राहायची. सव्वासहाला फोन वाजला.

"अक्का, आजचा आकडा नाही आला. बऱ्या आहात ना?"

"बरी आहे, मॅडम."

"मग अजून पोचला नाहीत का?"

"आज ब्रेक आहे. ब्रेकच्या दिवशी तुम्ही जाता ना. काल तसंच सांगून आले मी."

चंदनाक्काला टोमणा मारायचा नव्हता. तिला राग आलेला नव्हता, ती फक्त दमली होती.

"अक्का, अहो, सव्वासहा वाजून गेले..." मॅडमचा आवाज बारीक झाला होता.

"सातपर्यंत वेळ आहे. या वेळेला ऑटो मिळतो. मीटर पंपघराच्या कपाटात आहे, दुसरी किल्ली तुमच्याकडेच आहे." फोन ठेवता ठेवता तिला काहीतरी आठवलं. "आणि मॅडम, मागच्या बाजूने उतरू नका, पायऱ्यांवर शेवाळ आहे. तुमचा गुडघा... स्वल्प सावकाश उतरा."