गावंडे गुरुजी आणि इंग्रजीचा उतारा

बोरी अरबपासून चार मैलांवरच्या एका खेड्यात दोन मास्तरांची शाळा होती. सदाशिवराव गावंडे तिथले हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे काय, तर शाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि कागदावर सही त्यांची चालायची. वय अठ्ठावीस. वडील गेले तेव्हा नववीतून शाळा सुटली, पुढं ट्रेनिंग करून ते मास्तर झाले. पण मॅट्रिक राहून गेलं, हे त्यांना सलत असे. तेव्हा मॅट्रिक म्हणजे कॉलेजचं दार. ते दार उघडल्याशिवाय माणूस कितीही शिकला तरी सातवी पास मास्तरच राहायचा.

१९५७ च्या दिवाळीनंतर त्यांनी बाहेरून मॅट्रिकला बसायचं मनावर घेतलं. गणित, इतिहास, मराठी यांची त्यांना भीती नव्हती. त्यांचं पाठांतर दांडगं होतं. इंग्रजीचे चाळीस निबंध त्यांना तोंडपाठ होते. गाय, पोस्टमन, आगीतून वाचलेलं घर, काहीही विचारा. मामाला पत्र, हेडमास्तरांना अर्ज, सगळं पाठ. अडत होतं ते उताऱ्यापाशी. इंग्रजीच्या पेपरात एक उतारा यायचा, जो कोणत्याच पुस्तकात नसायचा. तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, वीस मार्क. जे कुठं छापलेलंच नाही ते पाठ कसं करायचं, हे सदाशिवरावांना कळेना.

त्यांची बायको विमलताई. तिचे मामा पुंडलिकराव हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले होते आणि बोरीला घरी राहत होते. त्यांच्याकडे नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र पोस्टानं दोन दिवस उशिरा यायचं. त्यातले उतारे कापून ते खाली स्वतः प्रश्न लिहायचे. सदाशिवराव दर रविवारी सायकलनं त्यांच्याकडे जाऊ लागले.

पुढच्या जूनमध्ये शाळेत दुसरा मास्तर आला, रूपसिंग राठोड. तेवीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूख फिरलेले. बापानं मात्र जमीन धरली आणि ज्वारी-कापूस करू लागला. रूपसिंग दारव्ह्याला आठवीपर्यंत शिकला होता. त्यालाही मॅट्रिकला बसायचं होतं. त्यानं विचारलं, मी आलो तर चालन का. सदाशिवराव मोठ्या मनानं चल म्हणाले. एकटं सायकल मारण्यापेक्षा सोबत बरी, असं त्यांना वाटलं. पहिल्या रविवारी त्यांनी त्याला डबलसीट नेलं.

त्या दिवशीचा उतारा एका नावाड्यावर होता. नदीवर पूल होतो, नावाड्याकडे कोणी येईनासं होतं, शेवटी तो नाव विकतो. सदाशिवरावांनी वही उघडली, कठीण शब्द एकाखाली एक लिहिले. चौदा झाले. त्यांनी डिक्शनरीला हात घातला तसं पुंडलिकरावांनी ती ओढून घेतली. परीक्षेत काय हा ठोकळा घेऊन जाणार आहात का, म्हणाले.

एका वाक्यात नावाड्यानं नाव 'रिलक्टंटली' विकली असं होतं. प्रश्न होता, नाव विकताना त्याला काय वाटलं. सदाशिवरावांनी तो शब्द कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी प्रश्न सोडून दिला. रूपसिंगनंही पाहिला नव्हता, पण त्यानं मोडक्या इंग्रजीत लिहिलं की त्याला विकायचं नव्हतं.

"तुले हा शब्द येत होता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"नाही जी. पण नाव इकल्यावर बी तो रोज काठावर येऊन बसते असं खाली लिवलं हाय. मनातून इकली असती तर कायले येऊन बसला असता?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मार्क टाकले. सदाशिवरावांना सात, रूपसिंगला चौदा. परतताना चढ लागला म्हणून रूपसिंग उतरून चालू लागला. सदाशिवराव मात्र थांबले नाहीत. चढ संपला तरी थांबले नाहीत. घरी पोचल्यावर विमलताईनं विचारलं, दुसरे गुरुजी कुठं राहिले. ते म्हणाले, येईल चालत.

तिथून सुरू झालं. रूपसिंगचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा कच्चं होतं, तरी तो पुढं कसा जातो, हेच त्यांना कळत नव्हतं. त्याचं स्पेलिंग चुकायचं, त्याच्या काळांचा मेळ नसायचा. वह्या बदलून तपासायची वेळ आली की सदाशिवराव लाल पेन्सिल घेऊन त्याच्या चुका शोधायचे आणि त्यांना बरं वाटायचं. पण उताऱ्यात मार्क त्यालाच जास्त पडायचे. पावसाळा संपेपर्यंत सदाशिवराव नऊच्या वर गेले नाहीत. रूपसिंग पंधरावर गेला. पुंडलिकराव पूर्वी कात्रणं भाचजावयासाठी ठेवायचे. आता ते म्हणू लागले, हा उतारा राठोडसाठी राखून ठेवला, त्याला आवडेल. विमलताई दोघांना जेवायला वाढायची तेव्हा त्याच्या ताटातली भाकरी मोठी आहे असं सदाशिवरावांना वाटायचं. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी ती सांगितली नाही.

आश्विनात रूपसिंगला ताप आला, दोन रविवार तो आला नाही. पहिल्या रविवारी सदाशिवरावांना एकदम हलकं वाटलं. मग पुंडलिकरावांनी उतारा दिला. समोर कोणी नव्हतं, तरी आठच मार्क पडले.

एकदा न राहवून त्यांनी त्याला विचारलं, तुला हे जमतं तरी कसं. विचारताना ते हसले, म्हणजे थट्टेत विचारल्यासारखं व्हावं. रूपसिंगनं मात्र नीट विचार करून सांगितलं. पहिलीत तो शाळेत गेला तेव्हा त्याला मराठी येत नव्हती. घरात, तांड्यात सगळी बंजाऱ्यांची गोरबोली. आईला याडी म्हणायचं हे माहीत, आई हा शब्द माहीत नाही. गुरुजी काही सांगायचे आणि पोरं उठून उभी राहायची. हा बसून राहायचा आणि छडी खायचा. मग तो गुरुजींचं तोंड बघू लागला, आधी काय बोलले आणि नंतर पोरांनी काय केलं ते बघू लागला. त्यातून मधल्या शब्दाचा अर्थ लावू लागला. सहा महिने तो असाच शिकला.

"मले तवापासून सवय हाय गुरुजी," तो म्हणाला. "एखादा शब्द नाही समजला तर मी घाबरत नाही. पुढं चालतो. तुमाले सगळे शब्द लागतात."

हे तो सरळ मनानं बोलला होता. सदाशिवरावांना ते लागलं. आपल्याला लहानपणापासून मराठी आली, वर्गात पहिला नंबर राहिला, तेच आता आड येतंय, असा त्याचा अर्थ होत होता. ज्याला काहीच मिळालं नव्हतं त्याच्याजवळ नेमकं ते होतं जे आपल्याजवळ नाही. जमिनीचा, घराचा हेवा करता आला असता तर बरं झालं असतं.

बाहेरून परीक्षेला बसायचं तर मास्तरांना वरून परवानगी लागायची. तालुक्यातल्या शाळा जनपद सभेकडे होत्या, अर्ज हेडमास्तरांच्या शिफारशीनं तिच्या दारव्ह्याच्या ऑफिसात जायचा. मुदत होती वीस नोव्हेंबर. रूपसिंगनं तीन तारखेला अर्ज लिहून दिला. सदाशिवरावांनी त्याच दिवशी आपला अर्ज पाठवला. त्याचा हजेरीपटाखाली ठेवला. उद्या पाठवू, असं ते स्वतःला म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. रोज सकाळी हजेरी घेताना त्या कागदाची कड दिसायची. वीस तारीख गेली त्या दिवशी त्यांनी मुलांना नेहमीपेक्षा जास्त वेळ पाढे म्हणायला लावले. सत्तावीस तारखेला त्यांनी अर्ज काढला, त्यावर 'शिफारस करून सादर' असं लिहिलं, सही केली. तारीख मात्र खोटी टाकवेना. सत्तावीसच टाकली.

डिसेंबरात सदाशिवरावांची परवानगी आली आणि रूपसिंगचा अर्ज परत आला. मुदतीनंतर मिळाल्यामुळे विचार करता येत नाही, असा शेरा होता. कागद सदाशिवरावांनाच त्याच्या हातात द्यावा लागला. रूपसिंगनं शेरा वाचला, मग खालचं सगळं वाचलं. घडी घालून खिशात ठेवली.

"पुढच्या साली बसू," तो म्हणाला आणि तिसरीच्या वर्गावर गेला.

सदाशिवरावांना वाटलं, आता रविवारी येणार नाही. तो आला. पुंडलिकराव ऑफिसवर चिडले, दारव्ह्याला जाऊन भेटतो म्हणाले. सदाशिवरावांनी त्यांना कसंबसं थांबवलं. त्या दिवसापासून रूपसिंग स्वतः उतारा सोडवायचा थांबला आणि सदाशिवरावांकडून करून घेऊ लागला. तो कठीण शब्दांवर हाताचा पंजा ठेवायचा, म्हणायचा, हा नाहीच असं समजा, आता वाचा. सदाशिवराव वाचायचे. अडले की तो म्हणायचा, मागं काय झालतं, पुढं काय होऊन राह्यलं, सांगा. सुरुवातीला सदाशिवरावांचं अंग तापायचं. आपण याचं वर्ष खाल्लं आणि हा आपल्याला शिकवतोय. हा चांगला आहे, याचाही त्यांना राग यायचा. पण मार्क वाढू लागले. दहा, अकरा. फेब्रुवारीत एकदा तेरा पडले, तेव्हा पुंडलिकरावांनी आतून गूळ आणवला.

मार्चमध्ये यवतमाळला पेपर झाला. उतारा मधमाश्यांवर होता. अकरा शब्द अडले. सदाशिवरावांनी पंजा ठेवला आणि पुढं गेले. निकालात इंग्रजीत एकेचाळीस मार्क होते, बाकी सगळ्यात चांगले. सदाशिवराव मॅट्रिक झाले. गावात पेढे वाटले. रूपसिंगची आई रामीबाई तांड्यावरून आली, आपल्या पोराच्या गुरुजींसाठी गाडगंभर तूप घेऊन. ती आरसे लावलेली कांचळी, म्हणजे बंजारा चोळी घालून ओट्यावर बसून राहिली आणि मोडक्या मराठीत विचारत राहिली, माझ्या रूपसिंगचा नंबर कधी लागेल. सदाशिवराव आत गेले, ते ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी विमलताईला सगळं सांगितलं. तिनं तुपाचं गाडगं उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "हे सांगायचं तर त्याले सांगा. मले सांगून काय होते?"

त्या नोव्हेंबरात रूपसिंगचा अर्ज दिला त्याच दिवशी गेला. सदाशिवराव स्वतः बोरीला जाऊन पोस्टात टाकून आले. १९६० मध्ये तो मॅट्रिक झाला. इंग्रजीत अडुसष्ट. एकेचाळीस आणि अडुसष्ट, यांची वजाबाकी सदाशिवरावांनी नको असताना कितीदा तरी केली. रूपसिंगनं राजीनामा दिला, तो यवतमाळला कॉलेजात जाणार होता. शाळेचा शेवटचा दिवस होता. पोरं घरी गेली होती. सदाशिवरावांनी कपाटाला कुलूप लावलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले,

"तुझा पहिला अर्ज मी अडवला होता. मुद्दाम."

"माहीत हाय गुरुजी. खाली तुमची सही होती. तारीख होती."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर रविवारी कुठं गेलो असतो?" रूपसिंग म्हणाला. "पुंडलिकराव तुमचे पाव्हणे. पेपर त्याहिच्याकडे. मले दुसरं कोण शिकवणार होतं? राग आला होता. लय आला होता. पण मले उतारा पाह्यजे होता."

सदाशिवरावांनी त्याची माफी मागितली. तो बरं म्हणाला. झालं गेलं विसरा, असं काही तो म्हणाला नाही. पेटी उचलून तो तांड्याच्या वाटेनं निघून गेला.

सदाशिवरावांनी पुढं कॉलेजचा अर्ज केला नाही. संसार होता, दोन मुली होत्या. शाळा वाढली तेव्हा पाचवीपासून इंग्रजी शिकवायचं काम त्यांना मिळालं आणि ते त्यांनी मन लावून केलं. तांड्यावरून पहिलीत आलेल्या पोराला ते छडी मारत नसत, एवढं गावातले लोक सांगतात.

१९६६ मध्ये एका शिबिरासाठी ते पुसदला गेले. रूपसिंग बी.ए. होऊन तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो हे त्यांना ठाऊक होतं. जावं की नाही, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गेले. रूपसिंग धावत बाहेर आला, त्यानं पाया पडून त्यांना मास्तरांच्या खोलीत नेलं. पँट, मनगटावर घड्याळ, थोडं पोट सुटलेलं. तिथल्या लोकांना त्यानं ओळख करून दिली: हे गावंडे गुरुजी, आम्ही दोघं एकत्र इंग्रजी शिकलो. चहा आला. कोणीतरी सदाशिवरावांना इंग्रजीत काही विचारलं. त्यातला एक शब्द अडला, पण अर्थ लागला आणि त्यांनी नीट उत्तर दिलं. रूपसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. घरी जेवायला न्यायचा त्यानं आग्रह केला, पण बस आहे म्हणून ते निघाले.

घरी आल्यावर विमलताईनं विचारलं, कसा आहे रूपसिंग. सदाशिवरावांनी सगळं सांगितलं. घड्याळ, चहा, पाया पडला ते. मग म्हणाले, घर मात्र भाड्याचं आहे म्हणे.

विमलताई ताट वाढता वाढता थांबली. "अजून हाय का मनात?"

"आहे," ते म्हणाले. "पहिलेसारखं नाही. पण आहे."

तिनं ताट पुढं ठेवलं आणि ते जेवायला बसले.