हायब्रिडचं ॲव्हरेज आणि आईची थंडी

पुण्याचा माणूस जगात कुठेही गाडी घेवो, लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: ॲव्हरेज किती देते? न्यूझीलंडला, पापाकुऱ्यात हायब्रिड घेतल्यापासून माझा नवरा याचं उत्तर न विचारताही द्यायचा. मग जूनमध्ये इथला हिवाळा आला आणि ॲव्हरेज घसरलं. घरात कुणी आजारी पडल्यावर झाला नसता इतका तो कासावीस झाला.

मग उपाय सुरू झाले. टायरमधली हवा सारखी तपासायची, डिकीतलं ओझं काढायचं, इंजिन तापवत उभं न राहता लगेच निघून सावकाश चालवायचं. इथवर ठीक होतं. पण हीटर लावला की त्याच्यासाठी इंजिन चालू राहतं हे त्याने कुठेतरी वाचलं आणि आमच्या गाडीत हीटर वर्ज्य झाला.

नेमकी त्याच हिवाळ्यात माझी आई पुण्याहून आली. बाबा गेल्यानंतर ती पुण्यात एकटीच होती. तिला निदान दिवाळीपर्यंत तरी सोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मागच्या सीटवर ती कानटोपी घालून, शालीत गुरफटून बसायची. नवरा अदबीने विचारायचा, "आई, थंडी नाही ना वाजत? हीटर लावू?"

"छे हो जावईबापू, छान वाटतंय."

"स्वीट ॲज!" इथल्या लोकांसारखं 'मस्त' म्हणून तो खूश व्हायचा.

जावयाकडे तक्रार करायची नाही, हा नियम तिने सातासमुद्रापारही पाळला. मी हीटरकडे हात नेला की मागून माझा खांदा दाबायची. "राहू दे गं. त्यांचा जीव आहे गाडीत."

हळूहळू ती बॉटनी डाउन्सच्या मॉलला यायचं टाळू लागली, मग देवळातही येईना. ऑगस्टमध्ये म्हणाली, "सोसायटीत पाइपांचं काम निघालंय, मला जायला हवं." मी भांडले. "जावईबापूंना काही बोललीस तर बघ," एवढंच म्हणाली.

विमानतळावर तिने जावयाला सांगितलं, "गाडी ॲव्हरेज मात्र छान देते हो." तो फुलून गेला.

परतताना म्हणाला, "आईंनी थांबायला हवं होतं. आता ऊन वाढेल, ॲव्हरेजही सुधारेल."

मी हीटर पूर्ण वाढवला. इंजिन घरघरलं.

"अगं, हे काय?"

"थंडी वाजतेय," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "आईलाही वाजत होती."