हंगाम संपला की ये

मी निघाले तेव्हा सगळी कारखाना कॉलनी आपल्या दारात जमली होती, फक्त आबा नव्हते. ते पॅनवर होते. रस आटवून साखरेचा दाणा बांधणं हे पॅनमनचं काम, आणि दाणा धरायला लागला की पॅन सोडता येत नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ते घामाने निथळत धावत आले. ज्या काचेच्या पट्टीवर पाक पसरून ते दाणा बघत, ती माझ्या हातात कोंबली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोरगी माझं एक ऐकेल तर शपथ." साखरेच्या नादी लागू नको असं ते बजावत राहिले, आणि मी साखरेचीच केमिस्ट होऊन नॉर्थ डकोटाला निघाले होते.

ताई, हे तुला लिहितेय. आपापल्या ताईला मागे ठेवून आलेल्यांनीही वाचावं.

इथलं गाव आगगाडीच्या इंजिनाला पाणी हवं म्हणून वसलं. नॉर्वे-जर्मनीहून आलेल्यांनी गवत नांगरून गहू पेरला, रुळांलगत धान्याची उंच कोठारं उभी राहिली. मग साखरेचं बीट आलं आणि बिटामागून साखर कारखाना. शेतं मोठी होत गेली तशी माणसं घटली. शाळा शेजारच्या गावात गेली, मेन स्ट्रीटवरची एक बँक आता लाँड्री आहे. हे सगळं मला शेजारच्या कार्लनी सांगितलं. त्यांचे पणजोबा इथे आले तेव्हा सावलीला एक झाड नव्हतं म्हणे. कारखाना उरला होता, म्हणून गाव उरलं होतं.

गळीत हंगामाला इथे कॅम्पेन म्हणतात. बिटांचे लांबच लांब ढीग उघड्यावर रचतात आणि थंडीने गोठवून टिकवतात. ऐन थंडीत बर्फ वितळलं तर लोकांचे चेहरे उतरतात. आमच्या कॉलनीत अवकाळी पावसाने उतरायचे, तसेच.

त्या जानेवारीत बर्फ वितळलं. ढीग आतून सडायला लागले, रस काळपट येऊ लागला, लॅबमधून कुणाला हलता येईना. त्याच आठवड्यात तू फोनवर सांगितलंस, आबांना चार पावलं टाकली तरी धाप लागते. शेजारच्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून माझी मैत्रीण मीनल फोनवर रोज ओरडत होती, "अगं, कॅम्पेन गेलं खड्ड्यात यार, तिकीट बुक कर. मी एअरपोर्टला ड्रॉप करते." मी आबांना विचारलं, येऊ का? त्यांनी आधी विचारलं, दाणा कसा येतोय. मग म्हणाले, "हंगामात कारखाना सोडायचा नसतो. हंगाम संपला की ये."

खरं सांगते ताई, मला सुटल्यासारखं वाटलं. आईमागे आपल्याला वाढवताना त्यांनी एकही हंगाम बुडवला नव्हता. मी त्यांचीच लेक, असा थोडा तोराही होता. दहा दिवसांनी ते गेले.

मी पोचले तेव्हा त्यांची खुर्ची दारात होती, फाटकाकडे तोंड करून. रोज तिथेच बसत, असं तू म्हणालीस. तू त्यांना विचारलं होतंस, तुम्हीच तिला नको म्हणालात ना, मग वाट कुणाची बघताय? तर हसून म्हणाले, "म्हटलं असेल. ती कधी ऐकते का माझं? येईल बघ."

आणि मी ऐकलं. जन्मात एकदाच. अजूनही ते आठवलं की हातातलं काम तसंच राहतं.

या वसंतात इथला कारखाना कायमचा बंद झाला. शेवटच्या दिवशी भोंगा झाला तेव्हा कार्ल अंगणात टोपी काढून उभे होते. गल्लीत घरोघरी विक्रीच्या पाट्या लागल्यात, माझ्याही दारात आहे. लॅब रिकामी करताना आबांची पट्टी रुमालात बांधून आणली. तिच्यावर आता दाणा कसला बघणार?

घर म्हणजे काय, ते मला उशिरा कळलं. आपण ऐकणार नाही, या भरवशावर जिथे कुणी वाट बघत बसतं, ते घर. आता सुट्टी मागायला साहेब नाही, आणि वाट बघायला आबा नाहीत.

ती खुर्ची अजून दारात असेल तर उचलू नकोस. हंगाम संपलाय, ताई. मी निघतेय. तू नको म्हणालीस तरी.