विरी गेलेलं पीठ

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वर्ग जळकोटला होते आणि वडील म्हणाले, "पोरीनं एकटं जीपनं जायचं न्हाई." एक मुलगी मात्र इथिओपियाहून नांदेडला एकटी आली, विमानानं, शिकायला.

विद्यापीठाच्या वसतिगृहात मी स्वयंपाकाला आहे. हे काम तिथल्याच एका प्राध्यापक मॅडमनी लावून दिलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. काम सुटेल या धास्तीनं रोज तासभर आधीच हजर असते.

त्याच मॅडमनी वर्गात एक नवीन काढलं. बाहेरदेशच्या मुलांनी इथलं एखादं घरकाम शिकायचं, इथल्यांनी त्यांचं, आणि वर्गापुढं करून दाखवायचं. त्याला मार्क. ती इथिओपियाची मुलगी माझ्याकडं आली. "मावशी, भाकरी शिकवा."

पंधरा दिवस शिकवली. मी सांगायचे, ती वहीत लिहायची, तेही मराठीत. माझं अक्षर सातवीत होतं तिथंच थांबलंय. तिचं ठसठशीत अक्षर बघितलं की माझ्या पोटात जळायचं. आईशी फोनवर हसत बोलायची, तेही टोचायचं. हिला कुणी अडवलंच नाही.

करून दाखवायच्या सकाळी तिनं पीठ मागितलं. ताजं दळण डब्यात होतं. मी हात घातला तो महिनाभर पडून असलेल्या पिशवीत. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही. मग ते उकळत्या पाण्यात मळावं लागतं. तिला मी हे सांगितलं नाही.

मॅडमनी मलाही वर्गात बसवलं, शेवटच्या बाकावर. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरीचे उचलताना दोन तुकडे. लातूरचा एक पोरगा ओरडला, "नकाशा झाला की! ह्यात तुमचा देश कुठाय?"

वर्ग हसला. मॅडमनी तिला विचारलं, "शिकताना काही राहिलं का?"

"नाही मॅडम. मावशींनी सगळं शिकवलं. माझाच हात कच्चा."

तिनं मला वाचवलं, आणि तेच जास्त सललं. मी उठले.

"तिचा हात चांगला हाय. पीठ मी जुनं दिलं. मुद्दाम."

"का?" मॅडमनी विचारलं.

मी पुढं गेले. शेगडीवर पाणी ठेवलं, उकळल्यावर पिठात ओतलं, मळून गोळा तिच्यापुढं सरकवला. तिनं थापली. भाकरी टम्म फुगली.

"हिचे मार्क मी कापत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याशी उद्या बोलते."

मी परात आवरायला घेतली. ती मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. जुन्या पिठाचं तिनं लिहूनही काढलं होतं.

"बरोबर लिहिलंय का, मावशी?"

मी ओळ दोनदा वाचली. एक तरी चूक सापडावी असं फार वाटत होतं. सापडली नाही.