क्वार्टर्सच्या मागची झाडं

मला ओस पडलेल्या वस्त्या पाहायचा नाद आहे. कुणाला देवळांचा असतो, कुणाला साड्यांचा. नोकरी संपल्यापासून मी बस धरते आणि जिथं आता कुणीच राहत नाही अशा जागी जाऊन येते. देवनहळ्ळीकडच्या एका गावात तर मारुतीचं देऊळ आणि एक चिंच एवढंच उरलं होतं, बाकी चहूकडं प्लॉटचे दगड. हल्ली पोरं असल्या ठिकाणी भुतांचे व्हिडिओ काढायला येतात, त्यांचा मला भारी राग येतो. अरे, ओसाड घरात कसलं भूत? कोनाड्यात समईच्या तेलाचा डाग असतो, मोरीत साबण ठेवायचा दगड झिजलेला असतो. तेवढं पाहायला मी जाते.

भाऊ गेल्यापासून माझी भावजय बसवनगुडीत माझ्याजवळच असते. माझ्या या नादाची ती मनसोक्त थट्टा करते. "अक्का, माणसं राहतात तिथं जायचं म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात. ओसाडीत मात्र कशा तुरुतुरु चालता!" म्हणते.

थंडीत एका सकाळी आम्ही दोघी अवरेकाई, म्हणजे इकडचे पावटे, सोलत बसलो होतो. शेंगांचा ढीग अर्धा झाला असेल, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "बोम्मसंद्र्याची क्वार्टर्स पाडणार म्हणे. पाडायच्या आत मला एकदा तिथं न्या."

एवढ्या वर्षांत त्या जागेचं नाव तिनं कधी काढलं नव्हतं.

माझा भाऊ तिकडच्या एका कारखान्यात होता. लग्नानंतर दोघं तिथल्या क्वार्टर्समध्ये राहिले आणि पहिली मुलगी तिथंच झाली. बारशाच्या आधीच ती गेली. आमच्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि बाळंतिणीला तिथं नेत नाहीत. भाऊ आणि दोघे शेजारी गेले, आंघोळ करून परत आले. कुठं ठेवलीत, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "मागं, झाडाखाली." त्यावर त्यानं जन्मभर एक शब्द काढला नाही. पुढं दोन मुलगे झाले, कारखाना बंद पडला, क्वार्टर्स रिकामी झाली. भाऊही गेला. ती जागा आता कुणालाच ठाऊक नव्हती, आणि भावजयीला तेवढीच पाहायची होती.

नव्या मेट्रोनं आम्ही गेलो, पुढं रिक्षा केली. फाटकावरचा वॉचमन खुर्चीतूनच कानडीत म्हणाला, "ओळगे यारू इल्ला, अम्मा." आत कुणी नाही.

"इद्दाळे," भावजय म्हणाली. आहे ती.

त्यानं आम्हा दोघींकडं नीट पाहिलं, उठून फाटक उघडलं आणि जरा लवकर या म्हणाला.

एरवी मी असल्या जागी आधी खिडक्या पाहते. त्या दिवशी काही पाहवलं नाही. ती पुढं आणि मी मागं. दारं-चौकटी कुणी कधीच काढून नेल्या होत्या, पायऱ्यांतून पिंपळ उगवले होते. तिनं आपलं घर चटकन ओळखलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवला, धूळ पदराला पुसली आणि म्हणाली, "लहान होतं नाही हो? मला मोठं वाटायचं." मग मागच्या दारानं बाहेर पडली आणि तिथंच उभी राहिली.

मागं झाडंच झाडं होती. करंजाला इथं होंगे म्हणतात, त्यांची कुंपणापर्यंत रांग, आणि मध्ये घाणेरीचं रान. तिच्या मनात इतकी वर्षं एकच झाड होतं. ती पहिल्या झाडाखाली गेली, खोडाला हात लावला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी साडी सावरत मागून चालले होते आणि मेलेल्या भावावर मनातून चिडत होते. अरे, कोणतं ते तरी सांगून जायचंस.

शेवटच्या झाडाशी ती खाली बसली. "सापडत नाही, अक्का."

रडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती जमिनीकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "तुम्ही आत्या. तुम्ही काहीतरी ठरवलं असेल ना?"

ठरवलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो मला पहिल्यांदाच मिळणार होता. झबलं शिवून झालं होतं, नाव पक्कं केलं होतं. बारशाआधी फोडायचं नाही म्हणून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि नंतर सांगायचं तरी कुणाला?

"ठरवलं होतं," मी म्हणाले.

"मग सांगा की. मला नको. तिला सांगा."

"कोणत्या झाडाखाली?"

"कुठूनही सांगा. ऐकेल ती."

गुडघ्यांची पर्वा न करता मी बसले, दोन्ही हात टेकले आणि तोंड पाचोळ्याजवळ नेलं. कुर्रर्र केलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा केलं. मग नाव सांगितलं.

आत्या नाव सांगत असते तेव्हा भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, चेष्टा करतात. इथं भोवती कुणी नव्हतं. मी वाकलेलीच होते, तोवर भावजयीनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा, चांगला जोरात. मग ती घालतच राहिली, मोठमोठ्यानं रडत, आणि तिचं होईपर्यंत मी मान वर केली नाही.