आत्याची किडनी आणि माझे उंदीर

पुण्याहून मी गावी आले की आत्या शेजारणींना माझी ओळख करून द्यायची, "ही आमची उंदराच्या लघवीची डॉक्टर." यात खोटं काही नव्हतं. मी एका प्रयोगशाळेत संशोधन करते. उंदरांच्या मूत्रपिंडाला अचानक इजा झाली, तर मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, देऊन ते लवकर सावरतं का, हे आम्ही पाहतो. त्यासाठी उंदरांची लघवी गोळा करावी लागते. माझ्या सगळ्या शिक्षणातून आत्यानं नेमकं एवढंच उचललं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. परभणी जिल्ह्यात, पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात लेकासोबत राहते. शेळ्यांमागे हिंडून तिचे गुडघे गेले, तशी ती मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून फुटाण्यासारख्या खायला लागली. मी नको म्हटलं की म्हणायची, "उंदरांना सांग. ते ऐकतेत तुझं."

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आले होते, तेव्हा तिला एका लग्नातलं जेवण बाधलं. जुलाब, उलट्या, वरून ते ऊन, आणि अंग दुखतंय म्हणून पुन्हा त्याच गोळ्या. जुलाब थांबले, पण त्याबरोबर लघवीही थांबली. पाय सुजले. चेहराही भरल्यासारखा दिसायला लागला.

"बरी दिसायलेय की मी. गाल आलेत," आत्या म्हणाली.

मी तिच्या पावलावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी तिच्या लेकाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, दादाला, गाडी काढायला सांगितली.

परभणीच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "किडनीला अचानक इजा झालीय. अंगातलं पाणी गेलं आणि त्यात गोळ्यांनी भर घातली. डायलिसिस करावं लागेल. अशी किडनी पुष्कळदा सावरते, पण खात्री आज देता येत नाही."

आत्याच्या मानेत नळी घातली, मशीन सुरू झालं. पहिलं डायलिसिस झाल्यावर दादा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. त्यावर कुठल्याशा मोठ्या शहरातल्या क्लिनिकची जाहिरात होती. मूळपेशी टोचा, किडनी नवी करा.

"ह्याच्यावरच तर काम करायलीस ना तू?" तो म्हणाला. "मग गप का बसलीस? उद्या नेऊ तिला."

"न्यायचं न्हाई, दादा. उंदरांत गुण येतो. माणसांत अजून नक्की ठरलेलं न्हाई. हे लोक काय टोचतेत, ते आपल्याला कळणार बी न्हाई."

"सगळं शिक्षण उंदरासाठीच केलंस का मग?"

हे तो चेष्टेत म्हणाला नव्हता. पलंगावरून आत्यानं ते ऐकलं. "भांडू नका. मला सांग गं, काय करतेत त्या पेशी?"

मी तिच्या उशाशी बसले. "तुझ्या किडनीतल्या काही पेशी मेल्या. मेलेलं साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. ते त्यांचं कामच हाय. पण त्या इतक्या चिडतात की चांगल्या पेशींना बी मारत सुटतात. मूळपेशी नवी किडनी बांधत न्हाईत. त्या ह्या चिडलेल्यांना शांत करतात, असं आम्हाला दिसलंय. मग किडनी आपली आपण भरून येते."

"आन् न्हाई झाल्या शांत तर?"

"कधी न्हाई होत. कधी बाहेरच्या पेशी बघून शरीर आणखी चिडू शकतं. रक्ताची गुठळी बी होऊ शकते."

"तुझे उंदीर वाचले का?"

"बरेच वाचले."

"बाकीचे?"

मी तिची उशी सारखी केली.

"मला त्या बाकीच्यांत धरू नको, माय," आत्या म्हणाली आणि हसली. हसताना नळी ओढली गेली, तसं तोंड वाकडं केलं. मग हळूच विचारलं, "माझ्या जागी तुझी आई असती तर काय केलं असतंस?"

"हेच."

"झालं मग." आणि दादाला म्हणाली, "ठेव तो मोबाइल."

संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर एकटी बसले. माझ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी 'निष्कर्ष आशादायक आहेत' असं वाक्य असतं. ते लिहिताना मला कधी अडखळायला झालं नव्हतं. आत्या सावरली नाही तर दादाला काय सांगायचं, हे मात्र मला सुचत नव्हतं.

आणखी काही डायलिसिस झाली. मग एका सकाळी पलंगाला लटकवलेल्या पिशवीत थोडी लघवी दिसली. दुपारपर्यंत बरीच जमली. दादा ती पिशवी उजेडात धरून असा बघत होता, जणू शेळीला जुळं झालंय. मोजायचं काम आत्यानं माझ्याकडे दिलं. नर्सबाईंना म्हणाली, "माणसापर्यंत आली बघा आमची पोरगी. बढती झाली."

रक्तातले आकडे हळूहळू उतरले. अगदी पहिल्यासारखे झाले नाहीत, पण डायलिसिस सुटलं. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. आता आत्या कडुलिंबाच्या सावलीत गुडघे शेकत बसते आणि तिथूनच लेकाला शेळ्या कशा वळवायच्या ते ओरडून सांगते. तो बेजार झालाय.

दवाखान्यातल्या त्या वादानंतर दादा मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मी पुण्याला निघाले, तेव्हा परभणी स्टेशनवर सोडायला तोच आला. बॅग डब्यात चढवून दिली, खिडकीपाशी येऊन उभा राहिला. गाडी हलायच्या बेतात होती, तेव्हा म्हणाला, "तुझ्या त्या पेशी माणसाला चालायला लागल्या की मला कळव."

"कळवते. पण लय वर्षं लागतील, दादा."

"लागू दे," तो म्हणाला. "पण जाहिरातीच्या आधी तू सांग."